कोल्हापूरचा रॉबर्ट, प्रिन्स्टनचं मासिक आणि एक अट

हेडफोन लावलेत ना? आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अधलेमधले 'म्हणजे'-'म्हणजे' काढून टाकलेत.

सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो. कॉलेजात असताना आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मुळशी तालुक्यातल्या एका वाडीत होतं. आम्ही शाळेची भिंत रंगवली. निळा डोंगर, पिवळा सूर्य, खाली सुविचार. शेवटच्या दिवशी एक आजी आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झ्याक झालीया रं पोरांनो. पर ती पाण्याची टाकी गळतीया, त्ये न्हाई का कुनी सांगितलं तुमास्नी?" नव्हतं सांगितलं. कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे तुमचे मेसेज. "परदेशात व्हॉलंटिअर म्हणून जायचंय, आधी कुणी गेलंय का असं?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. गेलेत की! एका काळी अमेरिकेतल्या कॉलेजांमधून हजारो मुलंमुली धर्मप्रचारासाठी परदेशी निघाली. विद्यार्थ्यांची इतकी मोठी स्वयंसेवक चळवळ त्याआधी जगाने फारशी पाहिली नव्हती. आणि ती सुरू करणाऱ्यांत पुढे असलेला पोरगा जन्मला कुठे, माहितीये? कोल्हापुरात.

रंकाळ्याच्या गावातला अमेरिकन मुलगा

रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८४६ साली भारतात आले. आधी अहमदनगरला होते, मग १८५२ मध्ये कोल्हापूरला गेले. तिथे त्यांनी शाळा काढल्या. शाळांवर इतका जोर द्यावा की नाही, यावरून त्यांचं स्वतःच्याच संस्थेशी बिनसलं. संस्थेने हात काढून घेतला, तरी हे स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले. तिथेच २ ऑगस्ट १८६३ रोजी त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. ग्रेस ही त्याची मोठी बहीण. दोघांचं बालपण कोल्हापुरात गेलं.

१८७०च्या दशकात कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहिलं. १८७८ मध्ये वडिलांनी तिथून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक सुरू केलं. हे नाव लक्षात ठेवा, आपली गोष्ट इथूनच फुटते.

मासिकात छापलेलं पत्र

'आनंदी गोपाळ' पिक्चर पाहिलाय ना? त्यातले गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला असलेले आणि बायकोला शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेले. त्यांनी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला पाठवता येईल का, आपल्याला तिथे काही काम मिळेल का, असं विचारणारं पत्र लिहिलं. कुणाला? याच रॉयल वाइल्डरना.

वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख साधा होता. मदत होईल, पण तुम्ही ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांना ही अट मान्य नव्हती. विषय तिथेच संपला असता. पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी सहज चाळायला घेतलं आणि ते पत्र वाचलं. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं. त्याही ख्रिस्तीच होत्या. पण त्यांनी अट घातली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आनंदीबाईंनी १८८३ च्या सुरुवातीला श्रीरामपूरच्या (बंगालमधलं बरं का, नगरचं नाही!) कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं आणि सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या 'मावशी' म्हणायच्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून खास आल्या होत्या पंडिता रमाबाई, ज्या १८८३ मध्ये इंग्लंडातच ख्रिस्ती झाल्या होत्या. एक मराठी बाई हिंदू राहिलेली, दुसरी ख्रिस्ती झालेली, आणि दोघी एकाच सभागृहात. डोळ्यांसमोर आणा जरा.

त्याच वर्षीचा उन्हाळा

आता चार महिने पुढे या. जुलै १८८६. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे सुप्रसिद्ध धर्मोपदेशक मूडी यांनी कॉलेजच्या मुलांचं शिबिर घेतलं. जवळजवळ महिनाभर अडीचशे मुलं तिथे होती. प्रिन्स्टनहून नुकताच पदवीधर झालेला रॉबर्ट त्यांत होता. सुरुवातीला मिशनरी म्हणून परदेशी जायला वीस-एकवीस जण तयार होते. रॉबर्ट एकेकाशी बोलत राहिला, संध्याकाळी प्रार्थनेला मुलं जमवत राहिला. एका सभेत वेगवेगळ्या देशांतून आलेल्या किंवा तिथे वाढलेल्या दहा मुलांनी आपापल्या देशाबद्दल दोन-तीन मिनिटं बोलायचं, असं ठरलं. शिबिर संपता संपता आकडा शंभरावर गेला!

आणि ग्रेस? शिबिर मुलांचं, त्यामुळे ती तिथे नव्हती. पण घरातून निघताना रॉबर्टला "शंभर जण उभे राहतील" असं तिनेच सांगितलं होतं. ती माउंट होल्योकला शिकत होती, तेव्हा तिथल्या मुलींच्या गटाने अशीच प्रतिज्ञा आधी घेतलेली होती. इतिहासाच्या पुस्तकात भावाचं नाव ठळक छापलं जातं, बहिणीचं तळटीपेत. हे काही आपल्याला नवीन नाही.

पुढच्या वर्षभरात रॉबर्ट आणि त्याचा मित्र जॉन फॉर्मन दीडशेच्या वर कॉलेजं फिरले आणि दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी प्रतिज्ञा केली. १८८८ मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' रीतसर उभी राहिली. याच पिढीत साऱ्या जगापर्यंत सुवार्ता पोचवायची, असं तिचं ब्रीद होतं. पुढच्या अर्धशतकात या चळवळीतून वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी देशोदेशी गेल्या. फोन नाही, विमान नाही, आणि आजारी पडलं तर परत येण्याची खात्री नाही. त्यांच्या जिद्दीला नावं ठेवणं एसीत बसून सोपं आहे. मी ठेवत नाही.

कोल्हापूरची उलटसुलट वाट

१८८६ च्या हिवाळ्यात रॉबर्ट अमेरिकेतली कॉलेजं फिरत होता, तेव्हा डॉ. आनंदीबाई क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या होत्या. त्यांना नोकरी मिळाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, स्त्रियांच्या विभागात. कोल्हापूरला त्या कधी पोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय बावीसही पूर्ण नव्हतं. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉयल वाइल्डरही गेले. नंतर ग्रेस आपल्या आईला घेऊन कोल्हापूरकडे परतली आणि त्या भागातल्या बायकामुलींत काम करत राहिली. आनंदीबाईंची वाट मधेच तुटली, ग्रेसची पूर्ण झाली. आणि दोन्ही वाटा निघाल्या होत्या एकाच घरातून, एकाच मासिकातून.

पुण्यात आलेला रॉबर्ट

रॉबर्ट १८९०च्या दशकात भारतात आला आणि कोलकाता व पुण्याच्या शिकलेल्या तरुणांमध्ये काम करू लागला. पण पुणं कसलं तापलेलं होतं तेव्हा! १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींसमोर चहा आला. चहाच तो! पण मिशनऱ्यांच्या हातचा, म्हणून गाव पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आणि कोण चहाला होतं हे पेपरात फोडलं कुणी? गोपाळराव जोशींनीच.

मग १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनचं प्रकरण. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले होते. मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ उठला आणि सल्लागार बाहेर पडले. रमाबाईंनी विधवा मुलींसाठी केलेलं काम अफाट होतं, हे विरोधकांनाही दिसत होतं. पण "मदतीमागे अट आहे का?" हा प्रश्न एकदा मनात शिरला की चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. कॅनडाहून १८८९ मध्ये आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. तेही मिशनरीच, प्रचार त्यांच्याही मनात होताच. पण दुखणं घेऊन आलेल्या माणसाला तिथे ऑपरेशन मिळत होतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. आजही मिरज म्हटलं की लोकांच्या तोंडी दवाखाने येतात, त्याची मुळं तिथे आहेत.

'मित्र द्या'

माउंट हर्मनच्या त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. पुढे १९४६ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्ष तोच होता. तिथे दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरिया उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: तुम्ही आमच्यासाठी पैसा दिलात, जीवही दिलेत, त्याबद्दल आभार. पण आम्हाला प्रेमही हवंय. आम्हाला मित्र द्या.

स्वतः ख्रिस्ती असलेला भारतीय माणूस हे म्हणत होता, हे ध्यानात घ्या. तक्रार धर्माची नव्हती. मदतीला आलेला माणूस शेजारी न बसता खुर्चीवर बसतो, ही होती.

हे मुळशीकरांना वेगळं सांगायला नको. इथल्या धरणाची वीज मुंबईला हवी होती, भलं पुष्कळांचं होणार होतं. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार, त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. आणि आज त्याच तालुक्यात, खुबवलीजवळच्या टेकडीवर, महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये देशोदेशीची मुलं शिकतात, आणि समाजसेवा हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. म्हणजे परदेशी विद्यार्थी आपल्या दारात, आणि आपली मुलं परदेशाच्या दारात. वाट दोन्हीकडून चालू आहे.

तर जायचंय ना? जरूर जा. चर्चकडून जा, मठाकडून जा, संस्थेकडून जा. फक्त बॅग भरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला तिथे कुणी बोलावलंय का? माझ्या मदतीला लपलेली अट आहे का, आणि असेल तर ती मी आधीच उघड सांगितलीय का? आणि मी निघून आल्यावर तिथल्या माणसाच्या हातात काय उरेल, रंगवलेली भिंत की दुरुस्त झालेली टाकी?

वाइल्डरांनी अट उघड सांगितली होती, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण आनंदीबाईंना 'मावशी' मिळाली ती अट न घालणाऱ्या घरात.

तुमचा असा काही अनुभव असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!