बेघराचा आसरा : विहारापासून चोखोबाच्या धर्मशाळेपर्यंत

स्मरणिकेसाठी काही लिहा, असं विहार समितीच्या मंडळींनी सांगितलं. मी काही शिकलेला लेखक नव्हे. गिरणीत दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात जे वाचलं, तेच माझं कॉलेज. पण विषय मात्र मी हट्टानं मागून घेतला. कार्तिकाच्या यात्रेनंतर एका म्हातारीला विहाराच्या ओसरीवर झोपू द्यावं की नाही, यावरून आपल्यात केवढा वाद झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री दोन्ही बाजूंनी तोंडं फार चालली, पण आपला इतिहास काय सांगतो हे कोणी विचारलं नाही. तो इतिहास इथे मांडतो.

धम्मबांधवांनो, सुरुवात ‘विहार’ या शब्दापासूनच करू. विहार म्हणजे देऊळ नव्हे. विहार म्हणजे राहण्याची जागा. पहिल्या काळात भिक्खूंना घर नव्हतं. ते झाडाखाली, गुहेत, स्मशानात, गवताच्या गंजीवर रात्र काढत. विनयपिटकात अशी हकिगत आहे की राजगृहाच्या एका श्रेष्ठीनं हे पाहिलं आणि तथागतांची परवानगी घेऊन त्यांच्यासाठी साठ निवास बांधून दिले. दान देताना ते कोणा एकाच्या नावे दिले नाहीत. चारी दिशांच्या संघाला दिले. जे आलेले आहेत त्यांना आणि जे अजून यायचे आहेत त्यांनाही. आपल्या महाराष्ट्रातल्या नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांमधल्या शिलालेखांतसुद्धा हाच ‘चातुर्दिश संघ’ आहे. म्हणजे विहाराचा जन्मच मुळी बिनघराच्या माणसासाठी झाला.

यावर कोणी म्हणेल, ते भिक्खू होते, त्यांनी घर आपणहून सोडलं होतं. बरोबर आहे. पण श्रावस्तीच्या सुदत्ताला लोक अनाथपिंडिक म्हणत, ते अनाथांना घास देतो म्हणून. आणि अतिसारानं घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आंघोळ घातली, कारण त्याच्याकडे पाहायला कोणी नव्हतं. ज्याला कोणी नाही त्याच्याकडे पाहणं, हे आपल्याकडे पहिल्यापासून धम्माचं काम मानलं आहे.

आपल्या गावाचं नाव कौंडण्यपूर. पंचवर्गीय भिक्खूंमध्ये ज्याला धम्म पहिल्यांदा उमगला, तोही कौंडण्य. नाव सारखं आहे म्हणून काही जण लगेच नातं जोडतात. पुराव्याशिवाय असं जोडू नये, बाबासाहेबांनी आपल्याला तसं शिकवलेलं नाही. मात्र गाव फार जुनं आहे, एवढं खरं. १९६० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा मातीखाली वस्तीचे थरावर थर निघाले. आजचं गाव रुक्मिणीच्या माहेरासाठी आणि पंढरपूरला जाणाऱ्या पालखीसाठी ओळखलं जातं. ही पालखी १५९४ पासून चालू असल्याची परंपरा सांगतात.

या पालखीच्या वाटेनं जाऊनच आपल्या विषयाचा खरा धागा हाती लागतो. वऱ्हाडातून आपलेही कितीतरी पूर्वज पायी पंढरीला जात. चोखोबा आपल्याच मुलखातले, बुलढाण्याकडचे, मेहुणा राजाचे. पण शेकडो मैल चालून गेलेल्या महार वारकऱ्याला पंढरपुरात देवळाचं दार बंद होतं आणि सवर्णांच्या धर्मशाळांचंही. आषाढाच्या पावसात बायका-पोरं घेऊन वाळवंटात उघड्यावर पडायचं. पंढरीत सगळे विठोबाची लेकरं, पण रात्र झाली की लेकरांत फरक!

हे एका माणसाला सहन झालं नाही. तो माणूस म्हणजे गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, जात परीट. बाप दारूनं लवकर गेला. माय सखुबाई पोराला घेऊन माहेरी मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला आली. मामाच्या शेतात डेबूजी राबला, पण सावकाराच्या कागदानं ती जमीन गिळली. घर कसं जातं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. हातात खराटा, जवळ फुटकं मडकं, अंगावर चिंध्यांची गोधडी. लोक वेडा म्हणत, हाकलून देत. आधी गाव झाडायचं, मग भाकर मागायची आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा नेम. कीर्तनात आपल्या वऱ्हाडी बोलीत ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरही लोकांकडूनच वदवून घेत.

या अर्धपोटी फिरस्त्यानं लोकांच्या पैशातून काय काय उभं केलं ते पाहा. पूर्णाकाठी ऋणमोचनला घाट बांधला. मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा झाली, खास अस्पृश्य वारकऱ्यांसाठी. विठ्ठलाचं दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडलं. म्हणजे आपल्या माणसाला देवाआधी पाव शतक छप्पर मिळालं आणि ते एका परटानं दिलं!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढ्या इमारती बांधणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोपोरांना त्यात हक्काची खोली दिली नाही. घरची माणसं झोपडीत राहिली. चारी दिशांच्या संघाला दिलेलं दान, म्हणतात ते यालाच. आज सार्वजनिक संस्थेच्या दोन खोल्या हाती आल्या की पहिली किल्ली भाच्याकडे जाते.

१९४९ साली बाबासाहेब कायदेमंत्री असताना गाडगेबाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब त्यांना भेटायला गेले. त्या सुमारास गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. या देण्याचा अर्थ मी असा लावतो. वारकऱ्याला चार रात्रींचा आसरा पुरतो, पण गरिबाच्या पोराला शिकायला चार-पाच वर्षांचा आसरा लागतो. बाबासाहेबांनाही हे पक्कं माहीत होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते याच कारणानं. निवाऱ्यानं माणूस नुसता झोपत नाही, तो उभा राहतो.

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला आपण धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्यांच्या शिकवणीची जी दहा कामं सांगतात, त्यात भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्या सोबतीनं बेघराला आसरा आहे आणि बेकाराला रोजगारही आहे. आसरा आणि रोजगार त्यांनी वेगळे केले नाहीत.

हीच गोष्ट अमरावतीच्या तपोवनात दिसते. कुष्ठरोग झाला की त्या काळी घरचेच माणसाला बाहेर काढत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अशांसाठी तपोवन वसवलं. तिथे औषधासोबत हाताला काम दिलं. ज्याच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, त्याच्या हातची वस्तू लोक विकत घेऊ लागले. अलीकडचं उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचं. तिथे शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस, दिव्यांग मुलं सांभाळली. मुलांच्या कागदावर बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. सरकारी नियमानं अठरा वर्षांनंतर मूल बाहेर पडतं. ‘मग ते जाईल कोठे?’ हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सरकारनं काय केलं? १९५९ साली मुंबई राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यानं भिकाऱ्याला पकडून कोंडण्याची सोय केली. पुढे २०१० नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरांत लाख लोकवस्तीमागे एक रात्रनिवारा असावा असं ठरलं. पकडण्यापासून आसऱ्यापर्यंत यायला पन्नास वर्षं लागली. आणि तोही शहरापुरता, खेड्यातल्या बेघराचं काय?

माझं स्वतःचं एक सांगतो. गिरणीतल्या सोबत्याला घशाचा कॅन्सर झाला, त्याला घेऊन मी मुंबईला गेलो. पहिल्या दोन रात्री आम्ही परळच्या फुटपाथवर काढल्या. आयुष्यभर कष्ट केलेली दोन माणसं, पण येणारा-जाणारा आमच्याकडे चोरासारखा पाहायचा. तिसऱ्या दिवशी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. सोबती नळाखाली आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला आणि म्हणाला, “आता मी पेशंट झालो गड्या, काल भिकारी होतो.” तो पुढे वाचला नाही. पण माणूस म्हणून गेला.

म्हणून त्या रात्री ओसरीवरच्या वादात मी गप्प बसलो नाही. यात्रेत नातेवाईक म्हातारीला सोडून गेले होते. एक जण म्हणाले, “विहार वंदनेसाठी आहे, आज एक झोपली तर उद्या दहा येतील.” त्यांची काळजी खोटी नव्हती. साफसफाई कोणी करायची, दुखलं-खुपलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न खरेच होते. पण आपल्या महिला मंडळानं पाळ्या लावल्या. आठ दिवसांनी म्हातारीनं कोणी न सांगता खराटा हातात घेतला. “मले फुकट नोका खाऊ घालू माय,” एवढंच ती बोलली.

निराधाराच्या पगारासाठी आम्ही कचेरीत गेलो तर पत्ता विचारला. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही आणि कार्ड नाही म्हणून पगार नाही. तेव्हा समितीनं विहाराच्या कागदावर लिहून दिलं की ही बाई इथे राहते. चार चकरा झाल्या, पण काम झालं. आज ती गावातच एका खोलीत राहते, आपली भाकर आपण थापते आणि पौर्णिमेला वंदनेला पुढच्या रांगेत बसते. वादात विरोधात बोललेले गृहस्थच तिला खुर्ची देतात, हेही लिहिलं पाहिजे.

वर्धापनदिनाला आपण रंग देऊ, दिवे लावू, जेवण घालू. त्यासोबत माझी समितीला तीन गोष्टींची विनंती आहे. यात्रेच्या दिवसांत ओसरी रात्रीही उघडी ठेवावी आणि तिथे दोन कार्यकर्ते असावेत. ज्याला पत्ता नाही त्याच्यासाठी विहाराच्या पत्त्यावर एक नोंदवही ठेवावी. आणि कचेरीच्या चकरा मारायला एक शिकलेला तरुण नेमावा. चकरांचा खर्च मी देतो. राजगृहाच्या श्रेष्ठीनं साठ निवास बांधले, आपल्याला एक ओसरी उघडायची आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!