अजविलापातला चषक

रघुवंशाच्या आठव्या सर्गातला अजविलाप आपण सर्वांनी कधी ना कधी वर्गात वाचलेला असतो, आणि त्यातला ६७वा श्लोक तर पुष्कळांना पाठही असतो. गृहिणी, सल्लागार, एकान्तातली सखी आणि ललितकलांतली आवडती शिष्या अशी पत्नीची चार रूपे अज त्यात सांगतो. आदर्श सहजीवनाचा विषय निघाला की हा श्लोक हमखास उद्धृत होतो. त्याच्या लगेच पुढच्या श्लोकापाशी मात्र कोणी फारसे थांबत नाही. तिथे अज मृत इंदुमतीला विचारतो की, माझ्या मुखाने दिलेले रसाळ मधू प्यायलेली तू, आता माझ्या आसवांनी डागाळलेले, परलोकी पोचणारे ओंजळभर पाणी त्यावर कशी पिशील?

या श्लोकातले क्रियापद ‘अनु’ या उपसर्गासह येते, आणि सारा अर्थ त्या उपसर्गात आहे. अनुपान हा आहारशास्त्रातला शब्द; एखाद्या पदार्थावर मागाहून काय प्यावे याचा तो विचार. मद्यावर शीतल जल घ्यावे, हा जाणत्यांचा रिवाज. अजाने तर्पणाच्या पाण्याला अनुपान म्हटले आहे. दोघांनी मिळून घेतलेल्या एका पेयानंतरचे हे दुसरे पेय, आणि ते एकटीने प्यायचे. म्हणजे हा शोक पानाच्या शिष्टाचारावर उभा आहे. तो शिष्टाचार ठाऊक नसलेल्या वाचकाला इथे नुसती ओंजळ दिसते.

मधू म्हणजे मध, हे आपल्या मराठी कानाला आपसूक वाटणारे समीकरणही आड येते. कौटिलीय अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे मद्याचे प्रकार दिले आहेत, आणि मधू म्हणजे द्राक्षांचा रस हे तिथे स्वच्छ सांगितले आहे. इतर प्रकारांच्या कृती ग्रंथकार मापांसह देतो. पीठ किती, किण्व किती, मसाल्यात काय काय घालावे, सारे तपशीलवार. मधूची कृती मात्र तो देत नाही. त्याचा देश हीच त्याची ओळख, असे म्हणून तो दोन नावे सांगतो: कापिशायन आणि हारहूरक. दोन्ही वायव्येकडची. पाकक्रियेने ओळखली जाणारी मद्ये एकीकडे आणि भूमीने ओळखले जाणारे मद्य दुसरीकडे, हा भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. शँपेन किंवा बोर्दो या नावांत जी कल्पना आहे तीच ही.

कापिशायन हे नाव त्याहूनही जुने. कापिशी या नगरीवरून हा शब्द कसा साधावा यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले, आणि त्यावर काशिकावृत्ती उदाहरणे देते ती मधूची आणि द्राक्षांची. व्याकरणाला दखल घ्यावी लागली, इतका हा माल प्रसिद्ध होता. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचे आजचे बेग्राम. तिथे १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच उत्खननकारांना बंद करून ठेवलेल्या दोन खोल्या सापडल्या; त्यांत भारतीय हस्तिदंती कोरीवकामाच्या जोडीला भूमध्यसागरी काचेची रंगवलेली पानपात्रे होती. आपल्या बाजूचा पुरावाही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ भरुकच्छ बंदरात उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख करतो, त्यातही इटलीचे अधिक पसंत असे बजावून सांगतो, आणि त्याच बंदराशी जोडलेल्या बाजारपेठांत पैठण आणि तेर यांची नावे देतो.

कालिदासाला ही भूगोलाची जाण पक्की होती. रघूच्या दिग्विजयात सैनिक कलिंगात विड्याच्या पानांवर नारळाचे आसव पितात, आणि पारसीकांच्या देशात द्राक्षमळ्यांत बसून मधू. जिथला प्रदेश तिथले पेय, आणि बैठकही तिथलीच. कुमारसंभवाच्या आठव्या सर्गात तर गंधमादनाची वनदेवता स्वतः लाल मण्याच्या पात्रात कल्पवृक्षाचे मधू घेऊन येते आणि शिव ते पार्वतीला पाजतो. यजमानीण स्थळाचीच, पेयही स्थळाचेच. आनंदवर्धनासारख्या मीमांसकाने या सर्गाच्या औचित्याची चर्चा केली ती देवदंपतीच्या शृंगारवर्णनामुळे, चषकामुळे नव्हे.

सोबत काय खात असत? इथे कामसूत्र कामाला येते. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायात रतीनंतर दोघांनी काय करावे ते सांगितले आहे, आणि एवढ्या बदनाम ग्रंथातले हे सर्वांत घरगुती पान असावे. गच्चीवर चांदण्यात बसावे. स्वच्छ रस्सा, आंबट पेज, भाजलेल्या मांसाचे उपदंश, पन्हे, आंबे, सुकवलेले मांस, साखर लावलेले महाळुंग, असे जे त्या त्या देशाला मानवते ते घ्यावे. (उपदंश म्हणजे आपला चखणा, शब्द बदलला, वस्तू नाही.) हे गोड आहे, हे मऊ आहे, असे म्हणत चव घेऊन एकेक जिन्नस तिच्यापुढे करावा. मग तिला अरुंधती, ध्रुव आणि सप्तर्षी दाखवावेत. हे तारे विवाहविधीतलेही आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

‘देशाला मानवते ते’ ही पुस्ती आम्हांला यादीहून मोलाची वाटते. ग्रंथकार आपली रुची सर्वांवर लादत नाही. कोकणातल्या जोडप्याने महाळुंगाच्या जागी काय घ्यावे, हे त्याने त्यांच्यावरच सोडले आहे.

याच ग्रंथात गृहिणीच्या कर्तव्यांत सुरेचे आणि आसवाचे कुंभ भरून ठेवणे, ते वापरणे, त्यांची खरेदी-विक्री आणि जमाखर्च पाहणे यांचा समावेश आहे. म्हणजे घरातल्या मद्याच्या किल्ल्या तिच्याकडे. अर्थशास्त्रही कुटुंबांना समारंभासाठी श्वेतसुरा घरी काढण्याची मुभा देते.

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला बिघडवणाऱ्या सहा गोष्टींत पहिली मद्यपान आहे, आणि मद्य पिणाऱ्या पत्नीवर पतीने दुसरी स्त्री करावी असेही तिथे सांगितले आहे. काळ फार दूरचा नाही. स्मृती, अर्थशास्त्र, कामसूत्र आणि कालिदास यांच्यामध्ये फार तर काही शतकांचे अंतर. मग इंदुमती कोणत्या समाजातली? स्मृती हा इतिहास आणि काव्य हे कल्पित, अशी वाटणी करून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पटत नाही. जे कोणी करीतच नाही त्याला दंड कशाला सांगावा लागेल? उलट काव्य म्हणजे समाजाचा आरसा म्हणावे तर तेही खरे नाही. अज राजा आहे, कामसूत्राचा नागरक धनिक आहे, आणि त्यांच्या गच्चीवर तो रस्सा रांधून कोणी आणला याचा पत्ता दोन्ही ग्रंथांत लागत नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की सुसंस्कृत श्रोत्यांपुढे एका सती-साध्वी राणीच्या मृत्यूचा शोक मांडताना कवीला तिच्या मद्यपानाची आठवण काढणे अनुचित वाटले नाही, आणि त्या श्रोत्यांनाही ऐकताना खटकले नसावे. खटकले असते तर चौदा-पंधरा शतके हा श्लोक टिकता ना.

पुढे द्राक्षासव औषधांच्या दुकानात गेले, चमच्याने मोजून घेण्याचे झाले. वर्गातही ६७ नंतर एकदम ६९वर जाण्याची सोय झाली. विद्यार्थ्यांना दोन्ही श्लोक सलग वाचू द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे, कारण सखी म्हणजे काय ते पहिला श्लोक नुसते सांगतो, दुसरा दाखवतो. जोडीला मेघदूतातला बलराम घ्यावा. तो सरस्वतीच्या तीराला निघतो तेव्हा हाला सोडतो. कवी सांगतो ती आवडत्या चवीची होती, आणि तिच्यात रेवतीच्या डोळ्यांचे प्रतिबिंब पडलेले होते.