हॉपलंडची तांबडी बिअर

कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो परगण्यात, रशियन नदीच्या खोऱ्यात, हॉपलंड नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉपच्या वेलींची लागवड इतकी भरास आली की त्या पिकाचेच नाव गावाला चिकटले. ऑगस्ट-सप्टेंबरात वेलींचे शंकूच्या आकाराचे फुलोरे खुडावयाचे, भट्टीघरात मंद आचेवर वाळवावयाचे आणि गासड्या बांधून रवाना करावयाचे, या कामासाठी त्या मुलखातील मूळचे पोमो लोक आणि परगावचे मजूर मळ्यांवर येत.

परंतु अशा पिकाचे भवितव्य शेतात जितके ठरते तितकेच सरकारी दफ्तरातही ठरते. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत सार्वत्रिक दारूबंदीचा अंमल होता. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या अंमलाची तऱ्हा वेगळी सांगावयास नको. बंदी उठल्यावर तगून राहिलेल्या बड्या कारखानदारांनी बेताच्या कडवटपणाची, फिकट आणि हलकी बिअर काढून बाजार काबीज केला. त्यातच वेलींवर केवडा रोग पडला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉपच्या मळ्यांची जागा नासपती व द्राक्षे यांनी घेतली.

पुढे संशोधनाने आणि कायद्याने वाट मोकळी केली. १९७२ साली ओरेगन राज्यातील सरकारी संशोधनातून ‘कास्केड’ ही सुगंधी हॉपची जात बाहेर पडली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरवरील केंद्रीय निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि स्वतः बनविलेली बिअर त्याच जागी पेल्याने विकण्याची मुभा कॅलिफोर्नियाने १९८२ साली दिली. जॅक मॅकऑलिफ यांचा सोनोमा येथील न्यू अल्बियन हा छोटा कारखाना त्याच सुमारास बुडाला होता. त्याची भांडी, यीस्ट आणि जाणते कारागीर घेऊन १९८३ मध्ये हॉपलंडात मेंडोसिनो कंपनीचे पानगृह उघडले. तांबड्या शेपटीच्या शिकारी पक्ष्यावरून नाव घेतलेली तिची ‘रेड टेल’ एल (बिअरचा एक प्रकार) नावारूपास आली. १९९७ साली या कंपनीची सूत्रे बंगळूरच्या यूबी समूहाकडे गेली, आणि २०१८ च्या आरंभी तिचा कारभार थांबला.

कारखाना थांबला तरी छोट्या कारखानदारांनी रुळविलेली हॉपयुक्त तांबड्या एलची परंपरा थांबली नाही. मोड आणलेले सातू ओलसर असतानाच भाजले म्हणजे दाण्यातील साखर करपट-गोड होते, आणि तिच्यामुळेच पेयाला तांबूस झाक व पहिल्या घोटाची गोडी येते; प्रदीर्घ उकळीत टाकलेला हॉप कडूपणा देतो, तर उकळी उतरताना टाकलेला हॉप पपनसाच्या सालीची व देवदाराची आठवण करून देणारा दरवळ टिकवून ठेवतो. म्हणून हे पेय बर्फगार पिणे व्यर्थ आहे. पेला थोडा निवांत ठेवावा, फेसाचा वास आधी घ्यावा, आणि गोडी ओसरल्यावर जिभेच्या मागे रेंगाळणारा कडूपणा नीट पारखावा. कारण बाजाराने अर्धशतक गैरसोयीचा मानून वगळला तो नेमका हाच गुण होता.