चाकूरचे अध्यक्ष आणि समितीची खोली

मंडळी, व्यापारी-उद्योगपती खासदारांकडे पूर्वीपासून जायचेच. त्यांची मागणी कागदावर येते का, हा खरा प्रश्न. १९९३ साली संसदेत खात्यांशी निगडित १७ स्थायी समित्या आल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते आपल्या चाकूरचे शिवराज पाटील. विधेयक समितीकडे गेलं की फिक्की, सीआयआयसारख्या संघटना लेखी निवेदन देतात, साक्षीला बसतात. शेतकरी संघटनेलाही तोच दरवाजा. बैठक बंद खोलीत होते, अहवाल मात्र सभागृहापुढे येतो. वशिला काही त्यामुळे संपला नाही, हे तुम्हीही जाणता. शिवाय विधेयक समितीकडे पाठवायलाच हवं, अशी सक्ती नाही. २०२० ची तीन कृषी विधेयकं गेलीच नाहीत. मग शेतकऱ्यांची साक्ष झाली ती दिल्लीच्या सीमेवर, वर्षभर. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनं ते कायदे रद्द केले.