हँडब्रेक किती लावायचे? कॅनडाच्या नियम ११२ वर भाष्य

कॅनडातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नियमावलीत ११२ क्रमांकाचा एक नियम आहे. उभी करून ठेवलेली गाडी आपोआप चालू लागू नये म्हणून काय करायचे, एवढाच त्याचा विषय. क्वेबेक प्रांतातल्या लाक-मेगांतिक गावावर ६ जुलै २०१३ च्या मध्यरात्रीनंतर कच्च्या तेलाची मालगाडी चालून आली आणि ४७ माणसे गेली, तेव्हा हाच नियम लागू होता. त्या वेळचा नियम इथे एकेका वाक्याने घेतला आहे. शब्द माझे, आशय मूळचा.

१. गाडी किंवा डबे कुठेही सोडताना ते हलणार नाहीत इतके पुरेसे हँडब्रेक लावावेत.

‘कुठेही’मध्ये उतारावरची मेन लाइनही आली. लाक-मेगांतिकपासून सुमारे ११ किलोमीटरवर, चढावर, नांत नावाचे ठिकाण आहे. ५ जुलैच्या रात्री अकराच्या सुमारास ड्रायव्हरने गाडी तिथे उभी केली. पाच इंजिने, तेलाच्या ७२ टाक्या, त्यांत सुमारे ७७ लाख लिटर कच्चे तेल. खाली गावापर्यंत उतरण. गाडी रात्रभर राखणीशिवाय राहणार होती, आणि त्यात नियमबाह्य असे काही नव्हते.

खरी अडचण ‘पुरेसे’ची. कायदा आकडा सांगत नव्हता, परिणाम सांगत होता: गाडी हलता कामा नये. अशा नियमांचे समर्थन करणारे म्हणतात की प्रत्येक उतार, प्रत्येक वजन वेगळे, तेव्हा जागेवरच्या माणसालाच ठरवू द्यावे. तर्क चुकीचा नाही. पण जागेवरच्या माणसाजवळ ठरवायचे साधन काय? हँडब्रेकचे चाक हाताने फिरवून आवळतात. साखळी ताणली जाते, ब्रेकचे ठोकळे चाकांना घट्ट बसतात. किती घट्ट, हे फिरवणाऱ्याच्या जोरावर, ठोकळ्यांच्या झिजेवर आणि साखळी-दांड्यांच्या अवस्थेवर अवलंबून. अंधारात हातकंदील घेऊन फिरणाऱ्याला ते मोजता येत नाही. त्या रात्री सात ब्रेक आवळले गेले, बहुतेक इंजिनांवरच. ते पुरेसे होते की नाही, हे गाडी हलल्यावरच ठरायचे होते. आणि हलल्यावर ‘पुरेसे’चा अर्थ फौजदारी होतो. गाडी चालवणाऱ्या रेल्वे कंपनीच्या तीन कर्मचाऱ्यांवर खटला चालला. जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष ठरवले.

आपल्याकडचा दाखला फार जुना नाही. २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून खडीने भरलेली ५३ वाघिणींची गाडी ड्रायव्हरविना सुटली आणि सत्तरेक किलोमीटर पळून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. जीवितहानी झाली नाही, हे केवळ दैव.

२. त्या त्या ठिकाणी कमीत कमी किती हँडब्रेक लावायचे, ते विशेष सूचनांत दिले जाईल.

दिले जाईल, पण कोणाकडून? कंपनीकडून. सगळ्या नियमात हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सरकारचे पाऊल इथे मागे गेले आहे.

कंपनीचा हिशेब सोपा होता: डब्यांच्या दहा टक्के, अधिक दोन. ७२ डब्यांना नऊ. या हिशेबात उताराला जागाच नाही. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर चाचण्या करून काढले की ही गाडी धरायला किमान १७, कदाचित २६ ब्रेक लागले असते. म्हणजे ड्रायव्हरने सूचना तंतोतंत पाळून नऊ ब्रेक लावले असते, तरी एकट्या हँडब्रेकवर गाडी थांबली नसती. सात की नऊ यावर वर्तमानपत्रांतून बरीच शाई खर्च झाली. प्रश्न मुळात तो नव्हताच.

सरकारने कंपनीकडे नुसता आकडा सोपवला नव्हता, स्वतःवर नजर ठेवायचे कामही सोपवले होते. २००१ पासून प्रत्येक रेल्वे कंपनीला ‘सुरक्षा व्यवस्थापन पद्धती’ बंधनकारक झाली. या कंपनीने २००२ मध्ये कागद तयार केले आणि अंमल सुरू केला २०१० मध्ये. मधली आठ वर्षे सरकारच्या वाहतूक खात्याच्या लक्षात आली नाहीत, असे म्हणणे सौजन्याचे होईल.

३. सायडिंगवर सोडलेले डबे तिथल्या इतर डब्यांना जोडावेत; फाटकासाठी वा अन्य कारणाने अंतर ठेवणे भाग असेल तरच सुटे ठेवावेत.

तपशिलाचे वाक्य. पण नांतच्या सायडिंगला डिरेल होते, म्हणजे सुटलेली गाडी मेन लाइनवर येण्याआधीच रुळांवरून उतरवणारी योजना. ते सायडिंग रिकामे नव्हते, तिथे दुसरे डबे ठेवलेले होते. बोरघाटात उतरणीवरच्या बेभान गाडीसाठी कॅच सायडिंग असते, कारण तिथे ब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही हे गृहीतच धरले आहे. त्या वेळच्या नियम ११२ मध्ये असे गृहीत कुठेच नव्हते.

४. हँडब्रेकवर भिस्त ठेवण्याआधी ते पूर्ण आवळून, गाडी किंचित हलवून पाहून, ते धरतात याची खात्री करावी.

चाचणी योग्यच आहे. पण ती करतेवेळी इंजिनाचा हवेचा ब्रेक सोडलेला असावा लागतो, नाहीतर गाडी कोणामुळे थांबली ते कळत नाही. त्या रात्री तो लागलेलाच होता. गाडी हलली नाही, ड्रायव्हरने ती सात हँडब्रेकची कामगिरी धरली आणि तो टॅक्सीने हॉटेलवर गेला. टाक्यांवर हवेचे ब्रेक लावलेले नव्हते.

पुढचे सगळे हवेचे खेळ आहेत. पहिले इंजिन चालूच ठेवले होते. त्यात आग लागली. आठ महिन्यांपूर्वी त्याची केलेली दुरुस्ती टिकली नव्हती. अग्निशामक दलाने रीतीप्रमाणे इंजिन बंद करून आग विझवली. इंजिन बंद, तर कंप्रेसर बंद. गळतीने प्रेशर हळूहळू उतरत गेले आणि एकच्या सुमारास गाडी आपणहून निघाली. गावात शिरताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता.

चाचणी घेणारा एकटा, तिची खातरजमा करणाराही तोच. २०१२ पासून या कंपनीला एकाच कर्मचाऱ्यावर गाडी चालवायची मोकळीक मिळाली होती. दुसरा माणूस असता तर चूक नक्की पकडली गेली असती, असे मी म्हणणार नाही. पण तपासण्याची दुसरी जागाच काढून टाकल्यावर चाचणीचे वाक्य नियमात ठेवून काय उपयोग?

५. डबे सोडून इंजिन पुढे काढताना मागे नजर ठेवावी. डबे जागीच आहेत ना, ते पाहावे.

नांतला इंजिन सुटे केलेच नव्हते, त्यामुळे हे वाक्य लागूच झाले नाही.

६. गाडी ओढली किंवा ढकलली जात असताना हँडब्रेक लावू नयेत.

यावर भाष्याची गरज नाही.

नंतरच्या दुरुस्त्यांबद्दल. २३ जुलै २०१३ च्या तातडीच्या आदेशाने घातक माल नेणाऱ्या गाडीवर दोन कर्मचारी सक्तीचे झाले आणि अशी गाडी मेन लाइनवर राखणीविना सोडायला बंदी आली. पुढच्या वर्षी वजन आणि उतार यांवरून ब्रेकची संख्या ठरवणारा आधार सरकारने स्वतः दिला, आणि हँडब्रेकखेरीज आणखी एक उपाय बंधनकारक केला. वाक्य दोनमध्ये मागे घेतलेले पाऊल पुन्हा पुढे आले.

तरी ४ फेब्रुवारी २०१९ ला ब्रिटिश कोलंबियात फील्डजवळ धान्याची गाडी निसटली आणि तीन कर्मचारी मेले. ही गाडी ‘सोडलेली’ नव्हती. डोंगरउतारावर इमर्जन्सी ब्रेक मारून ती सुमारे तीन तास उभी होती आणि नवे कर्मचारी तिच्यावर चढलेले होते. उणे २८ अंश थंडीत ब्रेकच्या सिलिंडरमधली हवा गळली. हँडब्रेक लावलेले नव्हते, कारण तशी सक्तीच नव्हती. चार दिवसांतच सरकारने डोंगरउतारावर इमर्जन्सी ब्रेकने थांबलेल्या गाडीलाही हँडब्रेक सक्तीचे केले. २०२२ च्या अहवालात सुरक्षा मंडळाने त्यापुढचे सांगितले: वाघिणींना आपोआप लागणारे पार्किंग ब्रेक टप्प्याटप्प्याने बसवा, आणि सुरुवात डोंगरातून जड माल नेणाऱ्या गाड्यांपासून करा. ही शिफारस अंमलात आली, तर किती ब्रेक पुरेसे हे ठरवायला रात्री कोणाला गाडीच्या कडेने कंदील घेऊन हिंडावे लागणार नाही.