पटकथा : मराठी वाङ्मयाचे न मोजलेले दालन

१९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला आणि मराठी माणसाने आपली भाषा पडद्यावर प्रथम ऐकली. त्या घटनेस नव्वद वर्षे केव्हाच उलटून गेली. अशा निमित्ताने उत्सव होतात, जुन्या नटनटींच्या तसबिरी मांडल्या जातात, दिग्दर्शकांचे गुणगान होते, गाणी पुन्हा आळविली जातात. आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु पडद्यावरील त्या माणसांच्या तोंडी जे शब्द आले, ते आधी कोणीतरी कागदावर लिहिले होते. त्या लिहिणाऱ्याची आठवण या उत्सवांत सहसा निघत नाही. मराठी पटकथाकाराच्या कार्याचा थोडक्यात आढावा घ्यावा आणि वाङ्मयाच्या दरबारात त्याची जागा कोणती, हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आम्हांस ग्रंथालयात सुचला नाही, वर्गात सुचला. आमचे मोहगाव सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखातले. येथील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी लिहितात. एकदा आम्ही नवव्या इयत्तेच्या मुलांना ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखविला. नंतर विचारले, “ही गोष्ट कोणाची?” साने गुरुजींचे नाव अनेकांनी सांगितले. “आणि हा चित्रपट कोणी लिहिला?” या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरील एक मुलगा धीर करून म्हणाला, “गुरुजी, चित्रपट लिहितात काय?” वर्ग हसला, आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण आम्ही त्याच्या वयाचे असताना महाशिवरात्रीच्या यात्रेतील तंबूत बसून अनेक मराठी चित्रपट पाहिले होते आणि तेव्हा आमचीही समजूत त्याच्याहून निराळी नव्हती.

चित्रपट लिहावा लागतो. कोणता प्रसंग कोठे घडतो, दिवस की रात्र, प्रेक्षकाला आधी काय दिसते आणि मग काय ऐकू येते, एक प्रसंग कोठे तोडून दुसरा कोठे जोडावयाचा, कोणते पात्र बोलते आणि कोणते मुकाट राहते, हे सारे आधी कागदावर ठरते. चित्रांच्या आधाराने कथा सांगण्याची कला आपणांस परकी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरीत रामायण-महाभारतातील आख्याने लावीत आले आहेत. मूकपटाच्या काळातही लेखक होताच. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ साली आला, तो नारायण हरी आपटे यांच्या कथेवर. पडद्यावरच्या पाट्यांवरील चार शब्दांखेरीज त्या चित्रपटास वाचा नव्हती, तरीही कर्जाने नागविलेल्या शेतकऱ्याची कथा त्याने लोकांच्या काळजापर्यंत पोचविली.

बोलपट आला तेव्हा लेखकापुढे नवी अडचण उभी राहिली. मराठी संवादाची घडण तोवर रंगभूमीवर झाली होती. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे, टाळी आली पाहिजे, या गरजेतून नाटकी भाषा तयार झालेली. यंत्र मात्र कुजबुजदेखील टिपू लागले. ज्यांनी हा फरक ओळखला त्यांत शिवराम वाशीकर अग्रगण्य होत. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) हे प्रभातचे तीन मोठे चित्रपट त्यांच्या लेखणीचे. ‘संत तुकाराम’मधील जिजाई आठवावी. संसाराचे ओझे वाहणारी, नवऱ्यावर जीव टाकणारी आणि त्याच्या देवावर डाफरणारी ही बाई हातात पायताण घेऊन विठ्ठलाला जाब विचारावयास देवळात जाते. तिची बोली मावळातल्या कुणबिणीची आहे. संतचरित्राला अशी बोली देणे हा त्या काळी केवढा धीटपणा होता, हे आज सहज ध्यानात येत नाही. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग रचला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की, अनेकांनी तो तुकोबांचाच मानला. यासारखी कवीची थोरवी नाही आणि यासारखी त्याची उपेक्षाही नाही.

येथे कोणी म्हणेल की, पटकथा हे स्वयंपूर्ण वाङ्मय नव्हे. तो घराचा नकाशा आहे आणि नकाशात कोणी राहत नसते. आक्षेप वजनदार आहे. पण मग नाटकाचे काय? तेही रंगभूमीवाचून अपुरेच. एक तुलना करून पाहावी. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. जरठ-कुमारी विवाह हा त्याचा विषय. १९३७ साली व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ पडद्यावर आला. नारायण हरी आपटे यांनी आपल्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो लिहिला. विषय तोच. शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते आणि ती सुटते. ‘कुंकू’तील नीरेचे लग्न होऊन चुकलेले आहे. ती त्या म्हाताऱ्याच्या घरात राहते, पण त्याची बायको होण्यास नकार देते. अडतीस वर्षांत मराठी मन कोठून कोठे आले, त्याची ही खूण आहे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळावर त्या वृद्ध पतीचे आयुष्य जणू टांगलेले आहे. पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. ‘शारदा’ आम्ही वाङ्मयाच्या इतिहासात शिकलो आणि ते योग्यच झाले. ‘कुंकू’चा उल्लेख मात्र आम्हांस आमच्या पदवीच्या अभ्यासात कोठेही भेटला नाही.

पटकथा लिहिणारे हे कोणी वाङ्मयाच्या वेशीबाहेरचे लोक होते काय? साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची नामावली पाहावी. १९४१ चे सोलापूरचे अध्यक्ष वि. स. खांडेकर, त्यांनी मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ (१९३६) लिहिला. १९४२ चे नाशिकचे अध्यक्ष आचार्य अत्रे. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) त्यांचा. १९४४ साली धुळ्यास मामा वरेरकर, १९५७ साली औरंगाबादेस अनंत काणेकर, १९७३ साली आमच्या विदर्भातील यवतमाळास ग. दि. माडगूळकर, १९७४ साली इचलकरंजीस पु. ल. देशपांडे, १९८३ साली अंबाजोगाईस व्यंकटेश माडगूळकर, १९८५ साली नांदेडास शंकर पाटील. या सर्वांनी चित्रपटासाठी लेखन केले. आपण त्यांना मखरात बसविले, परंतु त्यांच्या लेखनाचा एक मोठा भाग मखराबाहेरच ठेवला. त्यांच्या नावापुढे ग्रंथांची यादी छापताना चित्रपटांचा उल्लेख आला, तर तो शेवटी, ‘याशिवाय’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्यात.

आता पुन्हा ‘श्यामची आई’कडे वळू. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना कथानकाची नव्हे. एकेका रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा त्या रात्री आहेत. वाचणारा रोज एक रात्र वाचून पुस्तक मिटू शकतो. तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला ती सवलत नाही. त्याला एका बैठकीत एकच वाढता धागा हवा. अत्र्यांनी आठवणी निवडल्या, काही गाळल्या, काही जवळ आणल्या आणि आईच्या झिजत जाण्याचा एक प्रवाह तयार केला. पुस्तकात प्रौढ श्याम आईविषयी बोलतो. चित्रपटात लहान श्याम आईपुढे उभा असतो आणि कळवळा आपोआप आपल्या मनात उमटतो. विनोदाचा बादशहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने येथे विनोद आवरून धरला आहे. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलेच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटास मिळाले. ‘हा चित्रपट कोणी लिहिला’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या वर्गास असे सविस्तर द्यावे लागले.

ग. दि. माडगूळकरांचे उदाहरण आम्हां सीमेवरच्या लोकांस अधिक जिव्हाळ्याचे वाटते. गीतरामायणाचे कवी म्हणून ते घराघरांत पोचले. पण ‘रामजोशी’ (१९४७), ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) यांचे लेखक म्हणून त्यांना किती जण ओळखतात? शांतारामबापूंचा हिंदी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आमच्या भागात सर्वांना ठाऊक. तुरुंगातील सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानावर शेती फुलविणाऱ्या अधिकाऱ्याची ती कथा. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यास रौप्य अस्वलाचा सन्मान मिळाला. ती लिहिली माडगूळकरांनी, आणि तिचे बीज आहे औंध संस्थानात आटपाडीजवळ वसविलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात. माणदेशाच्या कोरड्या मातीतले हे बीज हिंदीच्या पडद्यावरून जगभर गेले. मराठी आणि हिंदी यांच्या सांध्यावर राहणाऱ्या आम्हांस हे फार उशिरा कळले. बालपणी कळते, तर शाळेत हिंदी लिहिताना आम्ही थोडे ताठ बसलो असतो.

शिक्षक म्हणून आणखी एका गोष्टीकडे आमचे लक्ष जाते. ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘सामना’ (१९७५) या दोन चित्रपटांतील प्रमुख पात्रे शाळामास्तरांची आहेत आणि दोन्ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केल्या. शंकर पाटलांच्या संवादांनी नटलेल्या ‘पिंजरा’तील मास्तर आपली प्रतिमा वाचविता वाचविता स्वतःलाच हरवितो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’तील मास्तर आरंभापासूनच ढासळलेला, दारूत बुडालेला आहे. परंतु मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न तो साखरसम्राट हिंदुरावाला विचारीत राहतो आणि त्या एका प्रश्नाने सगळे साम्राज्य हादरते. मास्तरच्या हाती दुसरे शस्त्र नसते. प्रश्न विचारणे हाच त्याचा धर्म. हे आम्ही कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या ग्रंथातून शिकलो नाही. पुढे ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) यांतही तेंडुलकरांनी अनुक्रमे अरुण साधू आणि शांता निसळ यांच्या कादंबऱ्यांना पडद्याचा घाट दिला.

ही परंपरा आटलेली नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला, तेव्हा त्यातील करमाळ्याकडची बोली ऐकून आमच्या शाळेतील मुले परस्परांत म्हणू लागली की, आपल्यासारखे बोलले तरी चालते. आणि २०२० साली त्याच व्हेनिसमध्ये, जेथे १९३७ साली तुकोबांचा चित्रपट गेला होता, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटास उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक लिहिण्याला मिळालेले आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. परदेशातील परीक्षकांनी जे वाङ्मय म्हणून मोजले, ते आपल्या वाङ्मयेतिहासात कोठे नोंदले जाणार आहे?

प्रश्न केवळ मानाचा नाही, जतनाचाही आहे. १९४८ च्या जाळपोळीत कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले हे भाग्य. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत कित्येक जुन्या फिती नष्ट झाल्या. फीत जळाली तर चित्रपट संपतो. पण लिखित पटकथा छापलेली असेल, तर निदान त्याचा आत्मा उरतो. छापील स्वरूपात हाती येणाऱ्या मराठी पटकथा फार थोड्या आहेत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी परत दिल्या, अशी आपली श्रद्धा आहे. पटकथेच्या वह्या परत देणारी नदी कोणती? ते काम साहित्यसंस्थांनाच करावे लागेल. दरवर्षी एक जुनी पटकथा संशोधून, टिपांसह छापावी आणि शाळांच्या वाचनमालेत तिच्यातील एखादा प्रवेश घ्यावा, एवढी नम्र सूचना आम्ही करतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा तालुका मध्यप्रदेशातच राहिला. त्यानंतर मराठी आमच्याकडे मुख्यतः कानांवाटे टिकली : आजीच्या ओव्यांतून, कीर्तनातून, भजनी मंडळातून आणि यात्रेतील त्या तंबूतून. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही आनंदलो. परंतु ज्या शब्दांनी आमच्यासारख्या गावांत ही भाषा जिवंत ठेवली, ते शब्द लिहिणाऱ्यांचे ऋण त्या अभिजाततेच्या खात्यात मांडले जावे, असे वाटते. मागच्या बाकावरील त्या मुलाला आम्ही तेव्हा एवढेच उत्तर दिले : “होय, चित्रपट लिहितात, आणि फार चांगल्या माणसांनी तो लिहिला आहे.” दुसऱ्या दिवशी तो वहीच्या दोन पानांवर आपल्या गावच्या बाजाराचा एक प्रसंग लिहून घेऊन आला. पात्रे त्याच्या घरची होती आणि बोलीही घरचीच. प्रथमच त्याने मराठी लिहिली होती.