बुद्धिबळाचा विद्यार्थी आजवर काय वाचत आला?

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: "मुलगा क्लासला जातो, त्याला कोणतं पुस्तक आणू? कोणता ओपनिंगचा कोर्स घेऊ?" मी प्रशिक्षक नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. तेव्हा सरळ उत्तर माझ्याकडून मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या प्रश्नातच एक गंमत दडलेली आहे. सुधारायचं म्हटलं की आपल्या तोंडी पहिला शब्द 'ओपनिंग' का येतो? हे नेहमीच असं होतं का? तर नाही. त्याला एक तारीख आहे, निदान एक काळ तरी आहे.

नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादला जाऊ. तिथे शतरंज खेळला जायचा, म्हणजे आपल्याच चतुरंगाचं इराणमार्गे गेलेलं रूप. त्यात वजीर फार दुबळा होता, तिरका एकच घर चालायचा. हत्ती (त्या काळचा हत्ती, म्हणजे आजच्या उंटाच्या जागेवरचा मोहरा) तिरकी दोन घरं उडी मारायचा आणि तेवढंच. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडायलाच बराच वेळ लागायचा. खेळाडू आपापली रचना आधी लावून घ्यायचे, त्या ठरीव रचनांना 'ताबिया' म्हणत. खरी लढाई त्यानंतर. साहजिकच त्या काळच्या उस्तादांनी, अल-अदली आणि नंतर अस-सूली यांनी, ग्रंथ लिहिले ते मुख्यतः पटस्थितींचे. पट असा मांडलाय, पांढऱ्याची चाल आहे, कसा जिंकेल? अशा स्थितीला अरबीत 'मन्सूबा' म्हणतात. आपल्याकडे त्याला कूट म्हणता येईल.

अस-सूलीचं एक कूट तर प्रसिद्धच आहे. पटावर जेमतेम चार मोहरे. त्याचं म्हणणं असं, की हे मी ज्यांना शिकवलं त्यांच्याखेरीज जगात कुणाला सुटणार नाही. उत्तर त्याने लिहून ठेवलं नाही. हजारेक वर्षांनी, विसाव्या शतकात, सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवेरबाख यांनी त्याचा उलगडा केला. आता विचार करा, हे कसलं अभ्याससाहित्य? ज्याचं उत्तर लेखक देतच नाही!

मग पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या बाजूला नियम बदलले. वजिराला आजची ताकद मिळाली, उंट लांब पल्ल्याचा झाला. आणि एकदम पाचव्या-सहाव्या चालीला मात व्हायला लागली. आता सुरुवातीलाच चुकलं तर पुढचं सगळं ज्ञान फुकट. ओपनिंगच्या पुस्तकाची गरज जन्माला आली ती इथे. 1497 साली लुसेना या स्पॅनिश विद्यार्थ्याने सालामांकात छापलेलं पुस्तक बघा, त्यात हा सांधा स्पष्ट दिसतो. दीडशे कूटं, काही जुन्या नियमांची, काही नव्या. आणि त्यांच्या जोडीला थोड्या ओपनिंगच्या चाली. शिवाय सल्ला असा, की प्रतिस्पर्ध्याला असं बसवा की उजेड त्याच्या डोळ्यांवर येईल. (हशा) जाता जाता सांगतो, हत्ती आणि प्याद्याच्या एंडगेममधली जी 'लुसेना स्थिती' आज प्रत्येक क्लासात शिकवतात, ती लुसेनाच्या पुस्तकात नाहीच.

तिथून पुढे तराजू एका बाजूला झुकत गेला. रुय लोपेझचं पुस्तक 1561चं. नंतर इटालियन उस्ताद आले. 1749 साली लंडनमध्ये फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराने, वय वर्षं फक्त बावीस, आपलं पुस्तक काढलं. तो मात्र वेगळा. थोडेच डाव दिले, पण ही चाल का, हे प्यादं इथे का, हे समजावून सांगत गेला. नुसत्या चालींची यादी आणि कारणासकट सांगितलेला डाव, यातला फरक त्याने दाखवून दिला. पण बाजार यादीचाच वाढला. 1843 साली बर्लिनहून बिल्गरचं 'हांडबूख' निघालं. बिल्गर बिचारा आधीच वारला होता, त्याच्या मित्राने, फॉन डेर लाझाने, ते पुरं केलं. पुढच्या आवृत्त्यांत ते फुगत फुगत हजारेक पानांवर गेलं.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे एक पुस्तक आहे ज्याची फारशी कुणाला आठवण नाही. 1814 साल. पुण्यात अजून पेशवाई आहे, आणि मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं जातं. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृत, नाव 'विलासमणिमंजरी'. मुखपृष्ठावर म्हटलंय की हे युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलं आहे. आणि आत काय आहे? मुख्यतः पेचाच्या पटस्थिती. कशासाठी? तर शिकणाऱ्याची सुधारणा व्हावी आणि स्मरणाला व्यायाम मिळावा म्हणून. हे शास्त्रीबुवांच्या पुस्तकाच्या शीर्षकातच लिहिलंय! युरोपात ओपनिंगच्या जाडजूड पोथ्यांचे दिवस येत होते, तेव्हा आपल्याकडचा एक पंडित इंग्रज वाचकापुढे तीच जुनी कूटांची परंपरा ठेवत होता.

याला कारण आहे. आपला देशी डाव सावकाश उघडायचा, पट्टीचा खेळाडू ओळखला जायचा तो शेवटाकडे. नुसती मात नाही, प्याद्याने मात करायची. 'प्यादेमात' हा शब्द मराठीत अपमानाची परिसीमा म्हणून वापरतात, तो या पटावरूनच आलाय. ठरलेल्या चालींत, ठरलेल्या प्याद्याने मात द्यायची तर हिशेब किती पुढचा करावा लागत असेल बघा.

या शिक्षणाची परीक्षा कुठे झाली? माझ्या मते 1929 साली, इंग्लंडमध्ये. मीर सुलतान खान, पंजाबातले, सर उमर हयात खान यांच्या पदरी. युरोपियन ग्रंथ वाचून ते तयार झालेले नव्हते. (त्यांना अजिबात वाचता येत नव्हतं असं इंग्रज लेखकांनी पसरवलं, पण कुटुंबीयांना ते मान्य नाही.) ते ज्या पद्धतीत वाढले तिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, म्हणजे ओपनिंगचं सगळं युरोपियन ज्ञान त्यांना परकं. लंडनला पोचल्यावर सरावाच्या स्पर्धेत ते तळाला राहिले. मग विंटर आणि येट्स या दोघा इंग्रज उस्तादांनी त्यांना ओपनिंगची तोंडओळख करून दिली, आणि त्याच उन्हाळ्यात हे गृहस्थ ब्रिटिश विजेते झाले! 1932 आणि 1933 ला पुन्हा. हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. मायदेशी परतल्यावर 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली.

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. या गोष्टीवरून 'ओपनिंग नकोच' असं सिद्ध होत नाही. तळाला गेले ते त्याच्याच अभावी. पण ओपनिंगची कमतरता भरायला काही आठवडे पुरले. उलटं झालं असतं, म्हणजे ओपनिंग पाठ आणि पुढचा खेळ कच्चा, तर तेवढ्याच आठवड्यांत ते भरून निघालं असतं? मला नाही वाटत.

आणि हे फक्त माझं मत नाही. जगज्जेता एमान्युएल लास्कर गणिती होता. 1920च्या दशकातल्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्याने दोनशे तासांचा हिशेबच मांडला. नियम आणि सराव 5 तास, प्राथमिक एंडगेम 5, ओपनिंग 10, कॉम्बिनेशन 20, पोझिशनल खेळ 40, आणि उरलेले 120 तास प्रत्यक्ष खेळणं आणि खेळलेल्या डावांचं विश्लेषण. दोनशेत दहा! आपल्या मुलांच्या शेल्फवर, नाहीतर फोनमध्ये बघा, हे प्रमाण किती आहे.

लास्करनंतरची गोष्ट भराभर सांगतो. 1966 साली बेलग्रेडहून 'इन्फॉर्मेटर' सुरू झालं. शब्द नाहीत, फक्त चिन्हं, त्यामुळे कुठल्याही देशाच्या खेळाडूला वाचता यावं. ओपनिंगना ए00 पासून ई99 पर्यंत पाचशे क्रमांक मिळाले. 1980च्या दशकात हॅम्बुर्गचं चेसबेस आलं, डाव संगणकात गेले. तोवर साहित्य मिळवणं हीच मोठी अडचण होती. मद्रासला आनंदच्या लहानपणी सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातला ताल चेस क्लब महत्त्वाचा ठरला, कारण पुस्तकं आणि चांगले प्रतिस्पर्धी एका छपराखाली मिळण्याच्या जागा फार थोड्या होत्या. आज लाखो डाव फुकट मिळतात. ओपनिंगचा कोर्स विकणं सोपं असतं, कारण त्यात रोज नवीन काहीतरी असतं. एंडगेम तोच राहतो. विक्रेत्याला तो कंटाळवाणा वाटत असणार.

वेळ होत आला. एक प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेतल्या ताई.

प्रश्न: सर, पण आता इंजिन लगेच उत्तर देतं. मग कोडी सोडवून काय मिळतं?

उत्तर: ताई, अस-सूलीचं कूट आवेरबाखना सुटलं, कारण उत्तर कुठे मिळत नव्हतं. तुमच्या मुलासाठी एक साधं कोड्यांचं पुस्तक घ्या, दोन-तीन चालींत मात होणारं. खऱ्या पटावर मोहरे मांडायला लावा, हलवू देऊ नका, चाली वहीत लिहू द्या. उत्तरांची पानं शेवटी असतील, ती स्टेपल करून टाका. (हशा) नाही, खरंच सांगतोय. आणि महिन्याने तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. मुलगा म्हणेल, "हे झालंय." तरी बसवा.